कळफलकावर चहा सांडला असता



ज्या शाळेत संगणक एकच, तेथे कळफलकही एकच. मधल्या सुट्टीत त्यावर चहाचा पेला कलंडला, की नोंदींचे काम अडते आणि मुलांचा संगणकाचा तासही बुडतो. अशा वेळी कळफलक वरवर पुसून उन्हात ठेवतात व तासाभराने पुन्हा जोडून पाहतात. घात होतो तो येथेच.

साध्या कळफलकाच्या पोटात प्लॅस्टिकचे तीन पातळ ताव असतात. वरच्या व खालच्या तावावर वीज वाहून नेणाऱ्या रेघा छापलेल्या असतात. मधल्या तावाला बटणांच्या जागी भोके असतात. बटण दाबताच रेघा एकमेकींस टेकतात व अक्षर उमटते. सांडलेला चहा या तावांच्या फटीत ओढला जातो. त्यातील पाणी वाळते, साखर व दूध मात्र राहते. बटणे चिकटतात, ओल असताना वीज मिळाली तर रेघाही झिजतात. तांदळाच्या डब्यात कळफलक पुरण्याची रीत कित्येकांना प्रिय आहे. पण तांदूळ साखर काढीत नाही.

म्हणून प्रथम तार काढावी. जोडणी जुन्या गोल पद्धतीची असल्यास आधी संगणक बंद करावा. कळफलक पालथा धरून निथळू द्यावा. बटणांच्या क्रमाचे छायाचित्र घ्यावे, नाहीतर परत बसवताना अक्षरांची अदलाबदल होते आणि शिकणारे मूल फसते. मागचे स्क्रू काढून बटणे व रबरी भाग कोमट साबणपाण्यात धुवावेत. ताव ओलसर मऊ कापडाने हलकेच पुसावेत. तार जोडलेली छोटी पट्टी पाण्यात घालू नये. सारे सावलीत दोन दिवस वाळू द्यावे. लॅपटॉपला हा उपाय लागू नाही. तो तत्काळ बंद करून जाणत्या कारागिराकडे न्यावा.

पुष्कळदा चहा गुरुजींचाच असतो! पण मुलाच्या हातून पाणी सांडले, तर ते भीतीने गप्प बसते आणि तार तशीच जोडलेली राहते. लगेच सांगणाऱ्यास शिक्षा होणार नाही, हे वर्गात आधीच सांगून ठेवावे.

जोडल्यानंतर प्रत्येक बटण क्रमाने दाबून पाहावे. एखादे अक्षर उमटले नाही, तर तेथील ताव पुन्हा पुसावा. रेघच तुटली असेल, तर नवा कळफलक मागवावा.