संगणकाला तबकडीची ड्राइव्ह दिसेनाशी होते तेव्हा



मी कला शाखेचा पदवीधर. पोटापाण्यासाठी बँकेत लिपिक. संगणकाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. तरीही या विषयावर चार शब्द बोलण्याचे धाडस करतो आहे, कारण हा विषय आपणा प्रत्येकाच्या कपाटात पडून आहे. २००० सालानंतरच्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडील लग्ने, नामकरणे, सभा, वडीलधाऱ्यांची भाषणे तबकड्यांवर, म्हणजे सीडी-डीव्हीडीवर उतरली. त्यांतील कित्येक माणसे आज हयात नाहीत. त्यांचा आवाज आहे तो त्या तबकडीत. नव्या लॅपटॉपना बहुधा ड्राइव्हच नसते. म्हणून आपण अडगळीतला जुना संगणक धूळ झटकून सुरू करतो, तर पडद्यावर इतर सर्व विभाग दिसतात आणि तबकडीच्या ड्राइव्हचे चिन्ह मात्र गायब!

मग दुरुस्तीवाला सांगतो, ‘ड्राइव्ह गेली, नवी टाका.’ किंवा, ‘विंडोज नव्याने टाकावी लागेल.’ या दुसऱ्या वाक्याला माझी ठाम हरकत आहे. विंडोज टाकताना सी विभाग फॉरमॅट केला की त्यावरचे सारे जाते, आणि बहुतेकांच्या मुलाबाळांचे फोटो डेस्कटॉपवर, म्हणजे त्याच सी विभागात असतात. बारशाची सीडी पाहायची म्हणून दहा वर्षांचे फोटो घालवलेले एक घर मी पाहिले आहे. ड्राइव्ह तर धडधाकट होती.

तेव्हा आधी दोष कोठे आहे ते ठरवावे. संगणक चालू करताच, विंडोज येण्यापूर्वी, डिलीट किंवा एफ २ ही कळ दाबली (संगणकागणिक ती वेगळी असते) की बायॉसचा पडदा येतो. तेथे ड्राइव्हचे नाव आहे काय? नसेल तर विंडोजला दोष देण्यात अर्थ नाही. तिच्यापर्यंत गोष्ट पोहोचलेलीच नाही. वीज पूर्ण बंद करून, प्लग काढून पेटी उघडावी. जुन्या संगणकात रुंद चपटी पट्टी असते, तिच्यावर दोन उपकरणे बसतात, आणि मागच्या जंपरने एकास मास्टर व दुसऱ्यास स्लेव्ह ठरवावे लागते. दोघेही मास्टर ठरले की गोंधळ होणारच. २००३ नंतर साटा पद्धतीची अरुंद केबल आली, तेव्हा ही कटकट संपली. केबल काढून पुन्हा घट्ट बसवावी, दुसरी लावून पाहावी. अनेकदा एवढ्यानेच काम होते. बाहेरून यूएसबीला जोडायची ड्राइव्ह असेल तर ती पुढच्या नव्हे, मागच्या खोबणीत लावावी. जुनी यूएसबी खोबण ५०० मिलिअँपिअरइतकाच प्रवाह देते. तबकडी फिरू लागली की काही ड्राइव्हना तो पुरत नाही. अशांसाठी दोन तोंडांची केबल मिळते.

आता खरा चकवा ऐका. बायॉसमध्ये नाव आहे, ट्रे उघडतो, दिवा लागतो, तरी विंडोज म्हणते ड्राइव्ह नाही. अशा वेळी विंडोज कळ आणि आर दाबून डीईव्हीएमजीएमटी डॉट एमएससी असे इंग्रजीत टाइप करावे. डिव्हाइस मॅनेजर उघडतो. तेथे ड्राइव्हच्या नावापुढे पिवळे चिन्ह असते. त्यावर दोनदा टिचकी मारली की कोड दिसतो. १९, ३१, ३२, ३९ किंवा ४१ हा आकडा असेल तर संशय एकाच ठिकाणी घ्यावा.

हे मला आमच्या बँकेच्या कामावरून चटकन उमगले. समजा नियम आहे की प्रत्येक चेक अमुक अधिकाऱ्याच्या सहीनेच पुढे जाईल. त्या अधिकाऱ्याची बदली झाली, जागी कोणी आले नाही, पण नियमाचा कागद भिंतीवर तसाच राहिला. खात्यात पैसे आहेत, कॅशियर हजर आहे, चेकही खरा आहे, आणि तरी पैसे मिळत नाहीत! तबकडी लिहिण्याची सॉफ्टवेअर अशीच मधल्या सहीची व्यवस्था करून ठेवतात. तिला फिल्टर ड्रायव्हर म्हणतात. पुढे ते सॉफ्टवेअर आपण काढतो किंवा विंडोजची आवृत्ती बदलतो. सही करणारा जातो, पण नोंद मागे राहते.

प्रथम सौम्य उपाय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हवर उजवी टिचकी मारून ती अनइन्स्टॉल करावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा. विंडोज तिला नव्याने ओळखते. नाहीच ओळखले तर रेजिस्ट्रीत जावे लागते, आणि येथे घाई चालत नाही. रेजएडिट उघडून एचकी लोकल मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, क्लास असे उतरत गेले की कंसातल्या लांबलचक आकड्यांची रांग लागते. आपल्याला हवी आहे ती ४डी३६ई९६५ ने सुरू होणारी. उजवीकडे ‘क्लास’पुढे सीडीरॉम असे लिहिलेले दिसले तरच पुढे जावे. तिच्या जवळच ९६७ ने संपणारा गट आहे, तो हार्ड डिस्कचा. तेथील नोंद पुसली तर संगणक सुरूच न होण्याचा धोका आहे. एका आकड्याचा फरक. आपण लोक खाते क्रमांक जसा दोनदा वाचतो तसा हाही वाचावा. मग फाइलमधील एक्स्पोर्टने त्या भागाची प्रत ठेवावी, आणि अपरफिल्टर्स व लोअरफिल्टर्स या नावांच्या नोंदी असतील तर तेवढ्याच काढाव्यात. संगणक पुन्हा सुरू केला की ड्राइव्ह हजर होते. तबकडी लिहिण्याचे एखादे सॉफ्टवेअर त्यानंतर कुरकुरले तर ते पुन्हा टाकावे.

कधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये सारे आलबेल असते, फक्त ड्राइव्हला अक्षर मिळालेले नसते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ते देता येते. दोन मिनिटांचे काम.

आणखी एक तक्रार नेहमी येते: ‘सीडी चालते, डीव्हीडी चालत नाही.’ सीडी वाचणारा लेसर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० नॅनोमीटरचा. एकाच ड्राइव्हमध्ये दोन्हींची सोय असते आणि त्यांतील एक थकला तरी दुसरा काम करीत राहतो. येथे विंडोजमध्ये कितीही खटपट केली तरी व्यर्थ, ड्राइव्हच बदलावी. मात्र डीव्हीडीतल्या फाइली दिसत असून चित्रपट तेवढा लागत नसेल तर दोष ड्राइव्हचा नाही. २०१२ च्या विंडोज ८ पासून ती सोय मूळ विंडोजमधून काढली गेली. व्हीएलसी हे मोफत सॉफ्टवेअर टाकले की भागते.

तबकडी आत अडकली असेल तर ट्रेच्या दर्शनी भागावर टाचणीएवढे छिद्र पाहावे. वीज बंद करून त्यात सरळ केलेली कागदाची क्लिप हलकेच दाबली की ट्रे बाहेर येतो. पेचकसाने उचकटणाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवे!

ड्राइव्ह एकदा दिसू लागली की चित्रपट पाहत बसू नये. आधी नक्कल उतरवावी. घरी लिहिलेल्या तबकडीवर रंगद्रव्याचा थर असतो, तो उन्हाने व उष्णतेने खराब होतो. नक्कल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी. छोट्या, ८ सेंटिमीटरच्या तबकड्या काही कॅमेऱ्यांतून निघत. त्या फायनलाइझ केलेल्या नसतील तर संगणकाला कोऱ्या वाटू शकतात. तसे झाल्यास मूळ कॅमेरा शोधून त्यातच ते काम पुरे करावे, तोवर तबकडी टाकू नये. शिवाय ही छोटी तबकडी ट्रेच्या आतल्या खोलगट वर्तुळात ठेवावी. फटीतून तबकडी ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये ती घालू नये, अडकून बसते.

मागच्या टेबलावर एक चालू संगणक आणि दोन प्रकारच्या केबल मांडून ठेवल्या आहेत. ज्यांनी आपल्या तबकड्या सोबत आणल्या आहेत, त्यांनी चहानंतर तेथे यावे.