सवयींचा बदल : मोबाईलचे साधन आणि माणसाची सोबत

(पंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्यासमोर केलेले भाषण)



तंबाखू वाईट आहे, हे तंबाखू खाणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. पुडीवर तसे छापलेले असते आणि सोबतचे चित्रही अंगावर काटा आणणारे असते. तरीदेखील २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करीत असल्याचे दिसून आले. याचा अर्थ स्पष्ट आहे. माहिती पोहोचली, वर्तन मात्र बदलले नाही. आरोग्य, शिक्षण, ग्रामविकास अशा कोणत्याही क्षेत्रात काम करणाऱ्याला हा अनुभव नित्याचाच आहे.

कळणे आणि वळणे यांतील हे अंतर कमी करण्याचे एक शास्त्र गेल्या सात दशकांत विकसित झाले. कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी किंवा सीबीटी या नावाने ते ओळखले जाते. आपण त्यास विचार-वर्तन उपचारपद्धती म्हणू. हे शास्त्र आता मोबाईलमध्येही आले आहे. त्याचा आपल्या कामी कितपत उपयोग होईल आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, एवढाच आजचा विषय आहे.

पद्धतीचे मूळ

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्क येथे, तर एरन बेक यांनी १९६० च्या दशकात फिलाडेल्फिया येथे या विचाराचा पाया घातला. मनुष्याला केवळ घटना अस्वस्थ करीत नाही. त्या घटनेचा तो जो अर्थ लावतो, त्यातून त्याच्या भावना आणि कृती आकार घेतात, हे या विचाराचे सार होय. एलिस यांची पद्धती महाराष्ट्राला अपरिचित नाही. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला आणि ‘विवेकनिष्ठ मानसोपचार’ या नावाने ही पद्धती मराठी वाचकांपर्यंत पोहोचविली.

व्यवहारात ही पद्धती अगदी साधी आहे. एखादा शेतकरी दुपारच्या जेवणानंतर डबी उघडतो. त्या क्षणी त्याच्या मनात विचार येतो, “तंबाखू खाल्ल्याशिवाय काम सुचत नाही.” उपदेशक येथे त्याला दटावतो. सीबीटीचा समुपदेशक त्याला नोंद ठेवावयास सांगतो : तलफ कधी आली, तेव्हा कोठे होता, सोबत कोण होते, मनात कोणता विचार आला आणि पुढे काय केले? आठवडाभराच्या नोंदीवरून धोक्याच्या वेळा कळतात. मग तो विचार कसोटीला लावावयाचा. एके दिवशी डबी घरी ठेवून काम खरोखरच सुचते की नाही, हे पाहावयाचे. तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ बडीशेप तोंडात टाकून, पाणी पिऊन वा जागा बदलून निभावून न्यावयाचा. नोंद, पडताळा, पर्याय आणि सराव ही या पद्धतीची चार अंगे आहेत. परीक्षेच्या भीतीने “मी नापास होणारच” असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यासही शिक्षकाला याच क्रमाने मदत करता येते.

मोबाईल कोठे उपयोगी पडतो

ही पद्धती पायरीपायरीची आहे आणि तिचे खरे काम समुपदेशकाच्या खोलीबाहेर चालते. नेमकी येथेच मोबाईलची उपयुक्तता आहे. तलफ येते तेव्हा समुपदेशक जवळ नसतो, मोबाईल मात्र खिशात असतो. ठरलेल्या वेळी आठवण करणे, नोंद ठेवणे आणि आठवड्याची प्रगती दाखविणे ही कामे तो न थकता करतो.

गरजही मोठी आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक विकार असल्याचे आढळले आणि विकाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित असल्याचे दिसले. एवढ्यांना पुरतील इतके तज्ज्ञ नजीकच्या काळात निर्माण होणे कठीण आहे.

मोबाईलचा परिणाम काय होतो, हेही पाहू. ब्रिटनमध्ये सुमारे ५,८०० धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. एका गटास धूम्रपान सोडण्यास साहाय्य करणारे लघुसंदेश पाठविण्यात आले, तर दुसऱ्यास अन्य विषयांचे. सहा महिन्यांनंतर पहिल्या गटातील १०.७ टक्के लोक धूम्रपानापासून दूर राहिले होते; दुसऱ्या गटात हे प्रमाण ४.९ टक्के होते. हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचला पाहिजे. साध्या संदेशांनी यशाचे प्रमाण दुपटीहून अधिक झाले, आणि तरीही शंभरातील जवळजवळ नव्वद जणांना त्यांचा उपयोग झाला नाही.

सोबतीवाचून साधन अपुरे

हे नव्वद जण का मागे राहतात? ॲप उघडले जाते, काही दिवस वापरले जाते आणि मग विसरले जाते. ज्या कार्यक्रमांत एखादी व्यक्ती मधूनमधून विचारपूस करते, ते कार्यक्रम केवळ यंत्रावर सोपविलेल्या कार्यक्रमांपेक्षा सामान्यतः अधिक टिकतात आणि अधिक गुण देतात, असे अभ्यासांतून वारंवार दिसून आले आहे.

ही विचारपूस करणारी व्यक्ती पदवीधर तज्ज्ञच असली पाहिजे असे नाही. याचा पुरावा आपल्या शेजारी गोव्यात आहे. ‘संगाथ’ या संस्थेने तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर एक चाचणी केली. मानसोपचाराचे औपचारिक शिक्षण नसलेल्या, परंतु प्रशिक्षण व देखरेख लाभलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत रुग्णांना दैनंदिन कामांकडे आणि माणसांकडे क्रमाक्रमाने परत आणले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनंतर या गटातील ६४ टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली. केवळ नेहमीची, किंचित सुधारलेली सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. पुढे याच पद्धतीचे प्रशिक्षण मध्य प्रदेशातील सीहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्त्यांना मोबाईलद्वारे देण्याचे प्रयोग झाले. माझ्या मते मोबाईलचा हा उपयोग सर्वांत मोलाचा आहे. येथे तो माणसाच्या जागी बसत नाही, तर माणसाचे हात बळकट करतो.

सावधगिरी

काही धोके डोळ्यांआड करता येणार नाहीत. अमेरिकेत २०२३ साली खाण्याच्या विकारांसाठीचा एक संवाद-यंत्रमानव अपायकारक सल्ला देत असल्याने बंद करावा लागला. त्याच वर्षी एका ऑनलाइन समुपदेशन कंपनीला ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातीसाठी दिल्याबद्दल ७८ लाख डॉलर भरावे लागले. २०१७ साली आशादायक चाचणीमुळे गाजलेले ‘वोबॉट’ हे ॲप जून २०२५ मध्ये बंद झाले. तेव्हा गावात कोणतेही ॲप सुचविण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारावेत : हे कोणी तयार केले? नोंदी कोणाकडे जातात? मराठीत, शक्यतो आवाजात, ते वापरता येते काय? संकटाच्या वेळी ते माणसाशी जोडून देते काय?

आपल्या परिस्थितीचाही विचार हवा. अनेक घरांत मोबाईल एकच असतो आणि तो पुरुषाच्या खिशात असतो. त्यावर स्त्रीने आपल्या मनातील नोंद ठेवावी, ही अपेक्षा तिला अडचणीत आणू शकते. मिश्री लावणाऱ्या स्त्रीला सिगारेट सोडण्याचे संदेश पाठवून काहीच साधणार नाही. अशा ठिकाणी वही आणि आशाताईंची भेट हेच उत्तम साधन होय.

आपण काय करावे

शासनाच्या दोन सेवा दूरध्वनीवर विनामूल्य उपलब्ध आहेत. मानसिक आरोग्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’चा क्रमांक १४४१६ आहे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा क्रमांक आहे. ग्रामपंचायतीने हे क्रमांक कार्यालयाच्या व शाळेच्या भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवावेत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना विचारांची नोंद ठेवण्याचा सराव द्यावा; मात्र ती नोंद वर्गात वाचून दाखविण्याची सक्ती करू नये. आत्महत्येचा विचार बोलून दाखविणाऱ्या व्यक्तीस मोबाईलच्या हवाली करून निघून जाऊ नये. तिच्याजवळ थांबावे, तिच्यासमक्ष दूरध्वनी लावावा आणि तिला आरोग्य केंद्रात न्यावे.

किती जणांनी ॲप घेतले, याचा अहवाल तयार करणे सोपे आहे. सहा महिन्यांनंतर किती जणांची डबी सुटली आणि ज्यांची सुटली नाही त्यांच्याकडे पुन्हा कोण गेले, हे विचारणे अवघड आहे. आपल्या पुढील मासिक सभेत हा दुसरा प्रश्न विचारला जावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.