टोमॅटोवरील किडी: आधी ओळख, मग औषध

टोमॅटोच्या पानावर पांढरट चट्टा दिसतो.
अनेक शेतकरी त्याला करपा समजतात.

पान उजेडाकडे धरून पाहावे.
आत बारीक अळी आणि काळी विष्ठा दिसली,
तर ती टुटा नावाची कीड.
ही कीड मूळची दक्षिण अमेरिकेतली.
2014 साली ती महाराष्ट्रात आणि कर्नाटकात आढळली.
करप्याचे औषध तिच्यावर चालत नाही.
पैसे मात्र जातात!

म्हणून श्रोतेहो, आधी ओळख, मग औषध.

फळाला गोल भोक, अर्धी अळी आत, अर्धी बाहेर,
ही फळ पोखरणारी अळी.
तिच्यासाठी झेंडू लावतात.
टोमॅटोच्या 16 ओळींमागे झेंडूची 1 ओळ.
झेंडूचे रोप टोमॅटोपेक्षा जून हवे.
दोन्ही पिके एकाच वेळी फुलली,
तरच या अळीचे पतंग झेंडूवर अंडी घालतात.
नेमके हेच बऱ्याचदा चुकते.

पांढरी माशी पानाखाली बसते.
ती पाने आकसवणारा रोग पसरवते.
रोपवाटिकेवर बारीक जाळी घालावी.
शेतात पिवळे चिकट सापळे लावावेत.

कर्नाटकातल्या गुंजी, खानापूर भागात भातकापणीनंतर टोमॅटो लावणाऱ्यांनी
रोपे कोवळी असल्यापासून पाने उलटून पाहावीत.
कीड ओळखता आली नाही,
तर फवारणी थांबवावी.
किडके पान, किडके फळ पिशवीत घालून
रयत संपर्क केंद्रात दाखवावे.
आधी ओळख, मग औषध.