छातीतील सावली

आम्ही डॉक्टर नाही. डिप्लोमा करून सरकारी नोकरीत एक्स-रे काढणारे. पण फिल्मवरची सावली पाहून घरची माणसे कशी खचतात, हे आम्ही रोज पाहतो.

इथल्याच एका आजींच्या फिल्मवर हृदयामागे गोल, पांढरी सावली आली. मुलाने दाराबाहेर हळूच विचारले, "गाठ आहे का? इंदूरला न्यावे लागेल?" आजींना कळू दिले नव्हते. आम्ही काय सांगणार? सावली काहीतरी आहे एवढेच सांगते.

छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल असते. त्यातल्या फटीतून अन्ननलिका खाली उतरते. वयोमानाने फट सैल झाली, की जठराचा भाग वर छातीत सरकतो. हाच हायेटस हर्निया. त्यात हवा आणि पाणी दोन्ही असले, तर उभ्याने काढलेल्या फिल्मवर आडवी रेघ दिसते आणि डॉक्टरांना ओळख पटते. हवा नसली, तर तेच जठर भरीव गाठीसारखे भासते. आजींच्या फिल्मवर रेघ नव्हती.

डॉक्टरांनी खोदून विचारले, तेव्हा निघाले: जेवल्यावर छाती भरते, वाकले की आंबट पाणी घशाशी येते. आजी त्याला पित्त म्हणत आणि खापर उपवासाच्या साबुदाण्यावर फोडत! मग बेरियम पाजून फिल्म काढल्या. बेरियम अन्ननलिकेतून उतरून थेट त्या 'गाठीत' शिरले. सुईने तुकडा काढायची वेळच आली नाही.

प्रत्येक सावली अशी निघत नाही, म्हणून तपास टाळू नये. आजींचा प्रश्न मात्र एकच होता, "ते खडूचे पाणी पुन्हा प्यायचे नाही ना?"