लोणच्यासाठी स्टील घेताना

उन्हाळा आला की माण-खटावपासून आटपाडी-तासगावपर्यंत बचत गटांत कैरीच्या लोणच्याची घाई सुरू होते. कर्ज काढून मोठी पातेली, टाक्या घेतल्या जातात. दुकानदार म्हणतो, "ताई, स्टील आहे, गंजायचं नाही." एवढ्यावर पैसे मोजायचे का?

स्टीलमध्ये लोखंडाबरोबर क्रोमियम असतं. हवा लागली की त्याचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर भांड्यावर बसतो. ओरखडा पडला तरी तो पुन्हा धरतो. पण मीठ या थराला जागोजागी टोचतं, आणि कैरीचा आंबटपणा त्याला साथ देतो. मग तळाला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि धातू लोणच्यात उतरतो.

"गुऱ्हाळातली लोखंडी काहील वर्षानुवर्षं चालते की!" असं कोणी म्हणेल. पण उसाच्या रसात आंबटपणा थोडा, त्यात चुन्याची निवळी पडते आणि मीठ तर नसतंच.

आता तीन नंबर ध्यानात ठेवा. 202 स्वस्त, त्यात निकेल कमी, मँगनीज जास्त, त्यामुळे ते लवकर डागाळतं. 304 मध्ये सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल. 316 मध्ये याशिवाय 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम, म्हणून ते मिठापुढे जास्त टिकतं. पण महाग पडतं. चुंबक लावून पाहू नका. 202 आणि 304 दोन्हींना ते सहसा चिकटत नाही. बिलावरच नंबर लिहून घ्या.

सगळंच 316 चं घ्यायची गरज नाही. फोडी कालवायला 304 पुरे. काम झालं की त्याच दिवशी धुऊन कोरडं करा. मिठात मुरवायला चिनी मातीची बरणी किंवा खाद्यपदार्थांसाठीचं प्लास्टिकचं पिंप बरं. टाकीतच दिवसचे दिवस ठेवायचं असेल, तरच 316 वर खर्च करा. ॲल्युमिनियम आणि बिनकल्हईची पितळ यात नकोच.

टाकी ताब्यात घेताना सांधे बघा. वेल्डिंगचा निळा-काळा डाग साफ करून मागा, गंज तिथूनच सुरू होतो. आणि लोखंडी तारेची घासणी वापरू नका. तिचे कण भांड्यात रुतून गंजतात.

गटाच्या पुढच्या बैठकीत जुनी बिलं काढा. नंबर लिहिलाय का, ते बघा. नसेल तर खरेदीआधी विचारायची सवय आजपासून लावू.