लेकीचा धडा, आपली सभा

आम्ही पिपरी मेघेच्या बचत गटाच्या बाया बोलतोय.

सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामसभेचा धडा आहे. लेकरं तो पाठ करतात, गुण मिळवतात. आपण मात्र ग्रामसभा म्हणजे सरपंचांची मीटिंग समजून घरीच राहतो. मग आपल्या दारापुढची नाली कुठून जाईल, हे दुसरेच ठरवतात.

ग्रामसभा गावातल्या प्रत्येक मतदाराची असते. नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असं आपल्या राज्याचा कायदाच सांगतो. पंचायतीतल्या निम्म्या जागाही २०११ पासून महिलांसाठी राखीव आहेत.

ऑक्टोबर १९३७ मध्ये आपल्या वर्ध्यातच गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली. हातानं काम करत शिकायचं, हा विचार तिथून देशभर गेला. नागरिकशास्त्रही तसंच शिकावं लागतं.

म्हणून पुढच्या बैठकीत बचत जमा झाली, की एखाद्या लेकीला तो धडा मोठ्यानं वाचायला सांगा. नळ, नाली, दिवा, जी अडचण असेल ती ठरवा. महिला सभेत सगळ्या मिळून मांडा आणि ठराव लिहून घेतल्याशिवाय उठू नका. लेकीलाही सोबत न्या. तिला अजून मत नाही, पण आई सभेत कशी बोलते हे तिनं पाहिलं, की तो धडा ती कधी विसरणार नाही.