दाखला माहेरीच राहिला
(मंगरूळपीर येथील महिला मेळाव्यातील भाषण)



तालुक्यात बायांशी बोलताना एक वाक्य सारखं ऐकू येतं : ‘सातवीत शाळा सुटली, मग लग्न झालं.’ शाळा आपोआप सुटत नाही. बहुतेक वेळा आपल्याला शाळेतून काढलेलं असतं. आज अंगणवाडीत मदतनीस व्हायलाही बारावी लागते. निर्णय घरच्यांचा, पण रोजगार बुडतो तो आपला.

वाटा आहेत. अक्षरओळखच नसेल, तर २०२२ पासूनचा नवभारत साक्षरता कार्यक्रम पंधरा वर्षांवरील सगळ्यांसाठी आहे. सातवी झालेलीला १७ नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाच्या दहावीला बसता येतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी मराठीतून देता येते. तिथे पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, सुटलेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. परीक्षा वर्षातून दोनदा होते. ऑक्टोबरात आपल्याकडे सोयाबीनची सोंगणी, म्हणून एप्रिलची निवडा.

अडतं ते शाळेच्या दाखल्यापाशी. तो माहेरी पडलेला, त्यावर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं. मागायला गेलं की भाऊ विचारतो, ‘आता शिकून काय करतेस?’ म्हणून तिला एकटीला पाठवू नका. गटातल्या दोघींनी सोबत जा. नावाचे कागद मिळून काढा. परीक्षेच्या दिवशी तिचं लेकरू कोण सांभाळणार, तेही आधीच ठरवा.

सावित्रीबाई-जोतीबांनी १८५५ साली शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. राबणाऱ्यांच्या वेळेला शाळेनं जुळवून घ्यावं, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं एवढंच सांगायचं : माझा दाखला कुठे आहे?